एकेचाळीस टप्पे

नांदुरा,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

चि. रेणुका,

सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक आहे. हे वाक्य सवयीनं लिहिलं. पुढे वाचत जाशील तसा त्यातला ठीकपणा थोडा थोडा वजा करत जा.

तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घर चालू आहे. लेक मनाली बुलढाण्याला वसतिगृहात. परीक्षा जवळ आली की तिला घरची आठवण येते, आणि घरी आली की परीक्षेची. माझी शाळा, माझे नववीचे वर्ग आणि शुद्धलेखनाशी त्यांचं असलेलं जुनं वैर, सगळं जागच्या जागी. साप्ताहिकातलं माझं सदरही चालू आहे. 'मागच्या बाकावरून' आता अठरा वर्षांचं झालं. लोक अजून वाचतात म्हणतात. मला वाटतं, आपलं नाव त्यात आलंय का एवढंच बघतात.

आता माय. गेल्या सोमवारी तिला दवाखान्यातून घरी आणलं. पिंपळगावला परत पाठवलं नाही, इथेच पुढच्या खोलीत तिची खाट टाकली आहे. रुक्मिणीबाई शेजारीण गावाहून दोनदा येऊन बघून गेली आणि दोन्ही वेळा "बाई, तुम्ही तं लयच वाळल्या" असा धीर देऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय पंचवीस टक्के काम करतंय. मायनं विचारलं, "म्हंजे चार आने?" डॉक्टर हो म्हणाले. "चार आन्यावर बी चालते ना? मंग चालू द्या."

मला बाजूला नेऊन डॉक्टरांनी जे सांगितलं, ते तू नर्स आहेस, तुला न सांगता कळेल. उन्हाळ्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर बोलतो तेव्हा माय पुढच्या खोलीत कान देऊन असते. हृदय चार आणे असलं तरी कान सोळा आणे आहेत. म्हणून कागदावर लिहितो आणि पानांचे फोटो काढून पाठवतो. पोस्टानं टाकलं तर तुमच्या बर्फापर्यंत पोचायला फेब्रुवारी उजाडेल.

आज सकाळी मी एक उद्योग केला. संगणकावर एक जागा सापडली. जगातल्या कुठल्याही दोन गावांची नावं टाकायची, ती त्यांच्यामधलं हवाई अंतर सांगते. मी तुझ्या गावाचं नाव टाकलं. त्याचा उच्चार मला अकरा वर्षांत जमलेला नाही, पण स्पेलिंग जमतं. मग तुझ्या प्रसेनजितदादाच्या गावाचं टाकलं. कॅनडाच्या पार डोक्यावर दोन ठिपके उमटले आणि मधे एक सरळ रेघ. हवाई अंतर, २४६ किलोमीटर. त्याखाली रस्त्याचं अंतर, त्यासमोर लिहिलं होतं, 'मार्ग सापडला नाही'.

मी ती ओळ दोनदा वाचली. यंत्र आहे ते, त्याला काय माहीत कोणाच्या घराबद्दल लिहितोय.

मग बाबांची सवय वर आली. दोनशे शेहेचाळीस भागिले सहा. एकेचाळीस टप्पे. तुला आठवतं ना, आपल्या घरात किलोमीटर हा शब्दच नव्हता. एसटीच्या तिकिटाचा एक टप्पा सहा किलोमीटरचा, आणि बाबांना सगळं जग टप्प्यांत दिसायचं. आत्या किती लांब राहते, नऊ टप्पे. प्रसेनजितला शाळेतून पळून जायचं होतं तेव्हा तो किती लांब गेला, दीड टप्पा, मग भूक लागली. माय शाळेत गेली नाही, पण कंडक्टरची बायको म्हणून अख्ख्या डेपोचे टप्पे तिला पाठ.

आणि हे मी तुला का सांगतोय, तर मी तिच्याशी खोटं बोललो आहे.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले, तुम्ही दोघं बोलेनासे झालात, त्यानंतर एका रविवारी पिंपळगावला मायनं मला विचारलं, "ते दोघं तिकडं एकमेकाईले भेटतेत ना रे? किती टप्पे पडते मंधात?" मी म्हणालो, "तीन." नांदुरा ते पिंपळगाव राजा जेवढं, तेवढं. दुसरा आकडा तोंडात आलाच नाही. ती खूश झाली. "तीनच? मंग तं रयवारी रयवारी जातच असन प्रसेनजित."

झालं. तिथून दर रविवारी तुमचा रविवार मी तिला वाचून दाखवू लागलो. खिशातून कुठलाही कागद काढायचा, कधी शाळेचं परिपत्रक, कधी विजेचं बिल, आणि त्यावरून वाचायचं: 'आज प्रसेनजित आला होता. रेणुकानं वरण-भात केला. तो म्हणाला मीठ कमी आहे. ती चिडली.' माय हसायची. म्हणायची, "तिचं मीठ पयलेपासूनच कमी." सहा वर्षं, रेणुका. माझ्या सदराचा एवढा निष्ठावान वाचक मला दुसरा मिळालेला नाही.

आता तू म्हणशील, म्हणून तर ती दर उन्हाळ्यात कुरडया आणि ज्वारीच्या बिबड्यांचं एकच पार्सल करते आणि "अर्धं प्रसेनजितले दे" म्हणते. हो, म्हणून. एकात दोन गठुडी असतात. त्याच्या गठुड्याला ती आपल्या फाटक्या लुगड्याची चिंधी बांधते, तुझ्याला सुतळी. तू त्याची सगळी गठुडी जपून ठेवली आहेस, न उघडता, हे तू वहिनीला सांगितलंस आणि वहिनीनं मला.  

वहिनीनं आणखी एक सांगितलं. जानेवारीत तीन आठवडे प्रसेनजितच्या गावच्या आरोग्य केंद्रात बदली नर्स म्हणून जाशील का, असं तुला विचारलंय, येत्या शुक्रवारपर्यंत कळवायचंय, आणि तू नाही म्हणणार आहेस.

नाही म्हणू नकोस.

दवाखान्यातून आल्यावर मायनं एकच गोष्ट मागितली आहे. मी म्हणालो, दोघांना फोनवर दाखवतो, एकाच वेळी दिसतात. ती म्हणाली, "तसे नाई. ते दोन डब्ब्यात दिसतेत, दोन कोठड्यांत कैदी बसवल्यासारके. मले एका बाकावर बसलेले पायजेत. खांद्याले खांदा." मी म्हणालो, बघतो. ती म्हणाली, "तीन टप्प्यात काय बघतं बे?"

मी तुला काही बजावत नाही. एवढंच, की बाबा डबल बेल द्यायच्या आधी दारातून डोकं बाहेर काढून मागे बघायचे, कोणी पळत येतंय का. ड्रायव्हर करवादायचा, "चाल ना सहदेव, उशीर होऊन राह्यला." बाबा म्हणायचे, "उशीर गाडीले होते, माणसाची तं गाडीच जाते." ही म्हातारी पळत येते आहे, रेणुका. चार आण्यावर.

उत्तर लवकर दे.

तुझा दादा


नांदुरा,
बुधवार, १० डिसेंबर २०२५

चि. रेणुका,

जय भीम.

तुझा निरोप मिळाला. तोच पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही. 'दादा, जाईन मी. पण आधी एक सांग. मी त्याचं काय बिघडवलं? बाबा गेले तेव्हा मी त्याच्यासाठी थांबले नाही, एकटी आले, म्हणून तो रागावला असं तूच सांगितलंस. मी काय करायला हवं होतं? सहा वर्षांत मी त्याला किती फोन केले, एकदा मोजून बघ म्हणावं. ज्या गावात माझं तोंड बघायची कोणाला इच्छा नाही, तिथे तीन आठवडे कशी राहू?'

तू काही बिघडवलं नाहीस.

हे चार शब्द लिहायला मला चार दिवस लागलेले नाहीत, सहा वर्षं लागली आहेत. आता मधे विनोद करणार नाही. झाला तर सवयीनं होईल, दुर्लक्ष कर.

बाबांचं पुण्यानुमोदन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू मोरीवर भांडी घासत होतीस. मी चहाचा कप ठेवायला आलो. तू एकदम रडायला लागलीस आणि म्हणालीस, "दादा, प्रसेनजितदादाले विमान भेटलं होतं." सगळ्या गावाला आपण सांगत होतो की तिकडे बर्फाचं वादळ आहे, विमान उतरत नाही. दोन दिवस ते खरं होतं. तिसऱ्या दिवशी विमान आलं. तो बॅग घेऊन धावपट्टीवर गेला, आणि परत घरी आला. त्यानं तुला फोनवर सांगितलं होतं, "मी पोचीन तवा बाबा नसन. नुसती मोकळी खाट पाहाले कसा येऊ? सीट तशीच गेली, रेणुका. रिकामी." आणि तू मला म्हणालीस, "दादा, कोनालेच सांगू नको. त्यानं फक्त मले सांगितलं."

मी म्हणालो, नाही सांगत. मोरीवरच्या दगडावर हात ठेवून म्हणालो, आठवतं का तुला? मला आठवतं. दगड ओला होता.

मी कोणाला सांगितलं नाही. मी छापलं.

दोन आठवड्यांनी 'मागच्या बाकावरून'मध्ये माझा एक लेख आला. मथळा होता, 'तिकडे हवामान खराब आहे'. परदेशातल्या मुलांवर. बाप मेला की त्यांच्या देशात नेमकं वादळ येतं, असा. नाव कोणाचं नव्हतं. पण शेवटी मी लिहिलं होतं, तिसऱ्या दिवशी आभाळ निवळलं, विमान आलं, आणि एक सीट रिकामी उडाली. त्या सीटनं पट्टा बांधला होता की नाही एवढीच चौकशी बाकी आहे.

लोक खूप हसले. मला रस्त्यात थांबवून हात मिळवले. तो लेख फोनाफोनांतून फिरत फिरत धावपट्टीवरून परत गेलेल्या त्या माणसापर्यंत पोचला. त्या गावात पोचायला रस्ता नाही म्हणतात. माझा लेख पोचला.

त्यानं मला फोन केला. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. एकच विचारलं, "दादा, तुले कोनं सांगितलं?"

मी तेव्हा म्हणायला हवं होतं, रेणुकानं रडत सांगितलं, माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं, चूक माझी. मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, "अरे, गोष्ट तं साऱ्या गावाले माहीत हाय." एवढंच. तुझं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, जगात फक्त तुलाच माहीत होतं. त्यानं फोन ठेवला. त्या दिवसापासून त्याच्या लेखी तू त्याची लाज गावभर वाटणारी बहीण झालीस, आणि मी नुसता ऐकीव गोष्टीवर लिहिणारा भाऊ. मला तो अजूनही बाबांच्या स्मृतिदिनाला दोन ओळी पाठवतो. तुला नाही. त्या दोन ओळी मी सहा वर्षं तुझ्या वाट्याच्या खाल्ल्या.

नंतर तू विचारलंस, तो का बोलत नाही. तेव्हा मी दुसरं खोटं रचलं, की तू त्याच्यासाठी थांबली नाहीस म्हणून. ते खपलं. लिहिणाऱ्या माणसाला खोटं रचायला वेळ लागत नाही, निस्तरायला लागतो.

मी असं का केलं, याचं एक चांगलं उत्तर मी अनेक वर्षं तयार ठेवलं होतं, की मला राग होता. खांदा द्यायला मी एकटा, मर्तिकाला आलेल्यांना तोंड द्यायला मी एकटा, माझे दोघे तिकडे पांढऱ्या मुलखात. राग होता, खोटं नाही. पण लेख रागानं लिहिला नव्हता. शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीत बसून हसलो होतो, रेणुका. बाबांना जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. वाक्य फार चांगलं झालं होतं. ते खोडवलं नाही.

त्या वर्षाच्या अखेरीस जिल्ह्यातल्या एका मंडळानं त्या लेखाला उत्कृष्ट विनोदी लेखनाचं पारितोषिक दिलं. शाल आणि श्रीफळ. श्रीफळाची चटणी झाली. शाल मी मायला दिली, थंडीची. माय ती अजून पांघरते. आत्ता, हे लिहितोय तेव्हासुद्धा, समोरच्या खोलीत तीच पांघरून निजली आहे.

तर जा. माझ्यासाठी नको. त्याच्या दारात उभी राहा आणि ही पानं त्याला दाखव. त्यानं दार लावलं तर फटीतून आत सरकव. मी त्याला वेगळं लिहिणार होतो, पण माझ्या हातचं लिहिलेलं तो आता का वाचेल? तुझ्या हातून गेलं तर कदाचित वाचेल. बघ, इथेही मी तुलाच पुढे करतोय. कळतंय मला.

शुक्रवारी तू काय कळवलंस ते मला सांगू नकोस. तुला नको असेल तर पुढे काहीच सांगू नकोस.

संघपाल


नांदुरा,
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय प्रसेनजित आणि रेणुका,

दोघांना जय भीम.

एकाच पत्रावर तुमची दोन्ही नावं मी पहिल्यांदाच लिहितो आहे. रेणुकाच्या फोनवर पाठवतोय. त्या पत्रानंतर तिच्याकडून मला दोन निळ्या खुणा आल्या, बाकी काही नाही. महिनाभर मी त्या खुणा उघडून बघत होतो, जणू त्यांत काही लिहिलं असेल. मग वहिनीला निरोप आला, 'पोचले. रविवारी सकाळी मायला फोन करतो.' करतो. करते नव्हे. त्या शब्दात प्रसेनजितही होता, एवढं मराठी मी अजून ओळखतो.

आज सकाळी फोन वहिनीच्या मोबाइलवर आला, माझ्या नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तुम्हाला दिसलो नसेन. मला तुम्ही दिसत होता, वहिनीच्या खांद्यावरून. एकच चौकट. एक बाक नव्हता, पलंगाची कड असावी, पण खांद्याला खांदा होता. मधे वीतभर जागा होती, मी मापली. नंतर ती कमी झाली.

मायनं वहिनीचा हात धरून मोबाइल जवळ घेतला. मग म्हणाली, "प्रसेनजित, तुही दाढी पिकली रे."

तू म्हणालास, "हाव, माय."

"दर रयवारी भेटता, मंग मले आसे सोबत काऊन नाई दिसले इतक्या दिवसांत?"

माझा हात दाराच्या चौकटीवर होता. तुम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, आता. आता सांगतील. आणि रेणुका म्हणाली, "राह्यलंच, माय." प्रसेनजितनं मान डोलवली. माझं खोटं तुम्ही दोघांनी मिळून धरलं. सहा वर्षांनी तुम्ही पहिली गोष्ट मिळून केलीत ती ही.

मग रेणुकानं ताटली पुढे केली. तळलेल्या बिबड्या. तुमच्या मागच्या टेबलावर ती गठुडी ओळीनं मांडलेली होती. मला आनंदच झाला ती बघून. तेवढीच माझी अक्कल.

मायनं विचारलं, "कशा झाल्या?"

प्रसेनजित म्हणाला, "चांगल्या हायेत. जराशा खवट लागतेत."

"हं," माय म्हणाली.

पुढे दहा मिनिटं ती तुमच्याशी थंडीबद्दल बोलली, तुमच्याकडे सूर्य किती वेळ असतो ते विचारलं, तीन तास म्हटल्यावर "मंग कपडे वाळतेत कशे?" म्हणाली. तुम्ही दोघंही हसलात. प्रसेनजितचं हसू मी विसरलो होतो. शेवटी तिनं विचारलं, "संघपालशी बोलतं का? इथीच हाय तो, दारात." प्रसेनजित, तू म्हणालास, "असू दे, माय." वहिनीनं फोन ठेवला.

तू म्हणालास ते बरोबर होतं. हे पत्र त्याबद्दल नाही. फोन ठेवल्यानंतर इथे जे झालं, ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितो.

मायनं मान उशीवर टेकली. मग मला हाक मारली. मी जाऊन खाटेशी बसलो.

"सहा होते," ती म्हणाली.

"काय, माय?"

"गठुडे. मांगं टेबलावर. पाच बांधेल, एक सोडेल. हिरवी चिंधी, ते कोरोनाच्या सालची. जांभळी त्याच्या मागून. पिवळ्या काठाची रुक्मिणीनं देल्ल्या लुगड्याची. सारे प्रसेनजितचे, सहाच्या सहा. सुतळीचं एक नाई." तिनं बोटं दुमडली. "दर साली अर्धं त्याचं. एक बी त्याच्यापर्यंत गेलं नाई."



"किती टप्पे हायेत बे मंधात? खरे सांग."

"एकेचाळीस."

तिनं डोळे मिटले. आपण लहान असताना डेपोतून बाबांची गाडी कुठे लागली हे कळल्यावर ती मनातल्या मनात त्या रस्त्यानं जायची, तशी. पण या रस्त्याला गावं नाहीत, थांबे नाहीत, तिला काही आठवत असणं शक्य नाही. तरी ती गेली. परत येईपर्यंत मी थांबलो.

"आन् तू वाचत होता ते?"

"माझंच होतं, माय. मनानं."

"ते मले दुसऱ्या सालीच समजलं होतं. रेणुका चिडली का बोलत नाई, गप्प होते. तुह्या कागदावर लय बोलत होती ते." पुढे म्हणाली, "पन तू दर रयवारी येत होता. कागद नसता तं तू तरी आला असता का? म्हनून आईकत होती. मले वाटलं, भेटत असन कमी-जास्त. नाईच भेटत, आसं नव्हतं वाटलं."

तीन टप्प्यांवर राहणारा मी. आठवड्यातून एकदा, तेही खोटं वाचायला.

"काऊन तोडलं त्याईनं?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. मोरीपासून लेखापर्यंत, प्रसेनजितच्या फोनपर्यंत. शेवटचं वाक्य तिनं पुन्हा म्हणायला लावलं, सीटचं. मी म्हटलं. मोठ्यानं म्हटल्यावर ते वाक्य चांगलं नव्हतं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. तिनं अंगावरची शाल चिमटीत धरली.

"हे त्या लेखाचीच?"

वहिनीनं कधीतरी सांगितलं असेल, किंवा मीच मिरवलं असेल तेव्हा. मी हो म्हणालो.

तिनं ती अंगावरून काढली. तुम्हाला माहीत आहे, आता कूस बदलायलासुद्धा तिला दम लागतो. मी मदत करायला गेलो तर हात बाजूला केला. एक खांदा, मग दुसरा. मग ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "घडी कर." मी घडी केली. "नीट कर." मी पुन्हा केली. जानेवारीची सकाळ, हुडहुडी भरली होती तिला. वहिनीनं धावत जाऊन गोधडी आणली.

नंतर ती झोपली. शांत झोपली आहे, श्वास मोजलेत मी. तुमचं काम झालं आहे. तिनं तुम्हाला एका चौकटीत बघितलं. तिच्या हातचं तुम्ही एका ताटलीत खाल्लंत, खवट का होईना. उरलेली पाच गठुडी फेकू नका, असा तिचा निरोप आहे. "दोघं असतीन तवाच सोडा," म्हणाली, "एकट्यानं नाई."

सदर मी बंद करतो आहे. संपादकांना कळवलं. ते म्हणाले, एक निरोपाचा लेख द्या. तो दिला नाही. शेवटच्या अंकात तीन ओळी छापा म्हटलं, की सहा वर्षांपूर्वी या जागेवर एका माणसाचं दुःख त्याला न विचारता विनोद म्हणून छापलं गेलं, ते मी लिहिलं होतं, आणि ज्या बहिणीवर त्याचा आळ गेला तिचा त्यात काही दोष नव्हता. ते म्हणाले, यात हसण्यासारखं काय आहे? मी म्हणालो, म्हणूनच.

प्रसेनजित, मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागण्यातही मी तुझ्याकडून काहीतरी घेतल्यासारखं होईल. त्या दिवशी धावपट्टीवरून तू परत का गेलास, ते मला डिसेंबरात कळलं. मायला दवाखान्यातून घरी आणायला गेलो होतो. ती तपासणीला आत होती, वॉर्डात खाट मोकळी होती. मी दारातूनच मागे फिरलो आणि जिन्यात बसून राहिलो. माझ्यात आणि त्या खाटेत दहा पावलं होती.

रेणुका, तुझी ड्यूटी महिनाअखेरीस संपेल आणि तू परत एकेचाळीस टप्पे लांब जाशील. त्यातली सरळ रेघ कुठल्याच विमानाची नाही, वहिनीला तू सांगितलंस. खाली दक्षिणेला जाऊन, मुक्काम करून, पुन्हा वर. तरी जात-येत राहा. माय आहे तोवर, आणि नसेल तेव्हाही.

माझं म्हणाल तर, तुमच्या गाडीत मला जागा असावी असं मी म्हणत नाही. डबल बेल द्यायचा हक्क तुमचा आहे. फक्त बाबांची पोरं आहात, म्हणून द्यायच्या आधी एकदा मागे बघाल. दिसलोच, तर पळत येणारा तो मीच आहे, एवढं ओळखा. थांबा किंवा जा.

थांब्यावर उशिरा आलेला,
संघपाल